आंब्यातला भिरूड आणि काजूतला रोठा: औषध घालूनही दरवर्षी भुसा का पडतो

पाऊस संपला, बागेतलं रान काढायला घेतलं की आमच्याकडे दरवर्षी हेच सुरू व्हायचं. कुठल्यातरी आंब्याच्या फांदीखाली खोडकिड्याने पोखरून टाकलेला भुसा, कुठल्यातरी काजूच्या बुंध्याशी भुसा, मग धावपळ, औषध, कापूस, चिखलाने भोकं बुजवायची, आणि पुढच्या वर्षी परत तेच, वर दोन-तीन झाडं जास्तीची. तीन वर्षांत आमची सात काजूची झाडं गेली, त्यातली पाच वेंगुर्ला-४ ह्या जातीची, भर उत्पन्नातली, आणि प्रत्येक झाडाला आम्ही औषध केलेलं होतं. म्हणजे दुर्लक्ष केलं म्हणून गेली असं नाही, म्हणूनच जास्त लागतं मनाला. तुमच्याकडेही औषध करून दरवर्षी भुसा येत असेल तर हे सगळं वाचा, कारण आमची चूक औषधात नव्हतीच, आंब्यात आणि काजूत एकच किडा आहे असं समजण्यात होती.

दोन्ही भुंगेरेच, दोन्ही लांब मिशांचे, दोन्ही जंगलातल्या झाडांवरचे, आणि दोघांच्या अळ्या पांढुरक्या, बिनपायाच्या, डोकं तपकिरी. अळी हातात घेतली तर फरक कळत नाही पटकन. पण आंब्यातला भिरूड, ज्याला पुस्तकात बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा म्हणतात, तो लाकडात खोल शिरतो. काजूतला रोठा, म्हणजे प्लोसीडेरस फेरूजिनियस, हल्ली निओप्लोसीडेरस लिहितात, तो आधी सालीच्या लगेच खाली पसरतो आणि झाडाचा गळा आवळतो. आम्ही रोठ्याला भिरुडाचा उपाय करत होतो. तारेने टोचा, पेट्रोलचा बोळा घाला, बुजवा. आंब्याला तो लागू पडायचा, काजूला नाही, आणि आम्ही दोष द्यायचो औषधाला.

तर पहिलं काम म्हणजे भुसा कुठे पडलाय आणि कसा आहे ते बघा, औषध आणायला नंतर जा.

आंब्यावर भिरूड असेल तर भोक बहुतेक वेळा वर असतं, खोडावर किंवा जाड फांदीवर, जुन्या छाटणीच्या जखमेजवळ, साल तडकलेल्या जागी. भुसा जाडसर, लाकडाच्या काड्याकाड्यांसारखा, रंध्याखाली पडतो त्याच्या जवळ जाणारा, आणि भोकातून काळपट पाणी ओघळल्याचा डाग असतो. फांदी एका बाजूने पिवळी पडत जाते, पालवी बारीक येते, मग ती फांदी वठते. बाकी झाड बरेच दिवस हिरवं असतं.

काजूचा रोठा बघायचा तर खाली वाका. जमिनीपासून हातभर, फार तर मीटरभर उंचीपर्यंत, आणि उघड्या पडलेल्या मुळांवर. भुसा तांबूस, ओलसर, डिंकात कालवल्यासारखा, गोळे होऊन सालीच्या भेगेतून बाहेर ढकललेला. गवत वाढलेलं असेल तर दिसतच नाही, आणि इथेच बऱ्याच जणांची फसगत होते, पानं पिवळी दिसेपर्यंत कळतच नाही आणि पानं पिवळी दिसली म्हणजे बहुतेक उशीर झालेला असतो. काठीने बुंध्यावर ठोकून बघा, पोकळ जागी आवाज बदलतो, भांड्यावर ठोकल्यासारखा.

अजून दोन गोष्टींशी गल्लत होते. सालीवर मातीचे बोगदे चढलेले असतील तर ती वाळवी. आणि सालीवर जाळ्यात गुंफलेल्या भुशाच्या पट्ट्या असतील, नागमोडी, हाताने ओढल्या की सलग निघतात, तर ती साल खाणारी अळी, ती पतंगाची, भुंग्याची नाही, आणि तिचा उपाय वेगळा. मी एक अख्खा रविवार वाळवी लागलेल्या कलमात तार घालत काढलाय, तेव्हा हे आधी बघाच.

आता भिरुडाचं. मोठा भुंगेरा, पाच सेंटिमीटरपर्यंत, राखाडी-तपकिरी, मानेच्या पाठीवर दोन लालसर-नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. मृग लागला, पहिले पाऊस झाले की रात्री खळ्यातल्या दिव्यावर येतो. धरला तर मान खालीवर करून चिर्र चिर्र असा आवाज काढतो, पोरं घाबरतात, पण विषारी वगैरे काही नाही. मादी सालीत चावून खाच पाडते आणि एकेका खाचेत एकेक अंडं घालते, सगळी मिळून दोनशेपर्यंत घालू शकते. अळी आठवड्या-दोन आठवड्यांत बाहेर येते, आधी साल, मग लाकूड, आणि कित्येक महिने आत. वर्षात एकच पिढी. पूर्ण वाढलेली अळी आठ-नऊ सेंटिमीटरची होते आणि भुंगेरा बाहेर पडतो ते भोक एवढं की त्यात बोट जाईल. त्याला फक्त आंबाच चालतो असं नाही, उंबर, फणस, सावर ही पण त्याचीच झाडं, म्हणून रानाला लागून असलेल्या बागेत तो कायमचा शेजारी आहे असंच धरून चालायचं. पण धडधाकट झाडापेक्षा त्याला जखमी, तहानलेलं, दमलेलं झाड जास्त आवडतं. ज्या कलमांना आम्ही लागोपाठ पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणायचं औषध, दिलं आणि खताकडे काणाडोळा केला त्यांच्यावरच पहिला भुसा दिसला, हा आमच्या बागेतला अनुभव.

आणि एक सांगतो, सुतार पक्षी एकाच फांदीवर रोज सकाळी येऊन ठोकत असेल तर ती फांदी बघा. आमच्या विहिरीवरच्या हापूसला असाच येत होता, आम्हाला वाटायचं पक्षी झाड खराब करतोय, गडी त्याला दगड मारून हाकलायचा. नंतर फांदी कापली तर आत चार अळ्या. पक्षी आमचंच काम करत होता बिचारा.

भिरुडावर काय करायचं ते सोपं आहे पण धीर लागतो. आधी जिवंत भोक शोधा, म्हणजे ज्यातून ताजा भुसा येतोय ते. सगळा जुना भुसा झाडून टाका, खाली गोणपाट नाहीतर जुना कागद पसरा, दुसऱ्या दिवशी कुठल्या भोकाखाली नवीन पडलाय ते बघा. मग त्या भोकात स्कूटरची जुनी क्लच वायर, टोकाला बारीक आकडी करून, हळूहळू फिरवत घाला. अळी लागली तर मऊ लागतं हाताला आणि आकडीला पांढरा चीक येतो. निघाली तर उत्तम. नाही निघाली तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि भोक ओल्या चिखलाने किंवा शेणमातीने घट्ट लिंपा. हे करताना विडी-काडी लांब ठेवा, गंमत नाही. आठ दिवसांनी परत जाऊन बघा, लिंपण फोडून किंवा शेजारून नवा भुसा आला असेल तर परत करा. आम्ही पूर्वी एकदा बुजवून विसरायचो, तिथेच चुकत होतो, कारण बोळा अळीपर्यंत पोचलाच नाही तर ती आतल्या आत खात राहते आणि बाहेर आपल्याला भोक बंद दिसतं. फांदीच चाळण झाली असेल तर तिच्यात जीव अडकवू नका, बोगदा संपतो त्याच्या खाली चांगल्या लाकडात कापा, फोडा, अळ्या मारा, जाळा, आणि कापल्या जागेला बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र.

दुकानात अजूनही कोणी जुन्या सवयीने डायक्लोरव्हॉस बोळ्याला लावा म्हणून सांगतात. त्याच्यावर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे. कुणाच्या कपाटात जुनी बाटली असली तरी वापरू नका.

आता रोठा, आणि खरं दुखणं इथे आहे.

काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. रोठा मात्र तिकडून आलेला नाही, तो इथलाच, त्याने हे परकं झाड आपलंसं केलं. भुंगेरा भिरुडापेक्षा लहान, तीन-चार सेंटिमीटर, तांबूस-तपकिरी, डोकं आणि मान गडद. ठिपके नाहीत. मादी बुंध्याच्या भेगांमध्ये अंडी घालते, तांदळाच्या दाण्यासारखी, आणि आठवड्याभरात अळ्या. मग त्या सालीखालच्या मऊ भागात वेडेवाकडे सपाट बोगदे करत सुटतात. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतं ते ह्याच थरातून, त्यामुळे बोगदे बुंध्याभोवती फिरत एकमेकांना भेटले की झाडाला गळफास बसतो. आंब्यात अळी आतलं लाकूड खाते, झाड पांगळं होतं पण बहुतेक वेळा जगतं. काजूत ती थोडंच खाते पण नेमकी नस तोडते. म्हणून दहा-पंधरा वर्षांचं, भरलेलं झाड एका मोसमात उभं वठतं.

आणि म्हणूनच तार चालत नाही. मी पहिल्यांदा पटाशीने साल उकरून बघितली तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. बाहेर भोक म्हणावं असं एकच होतं, सुपारीएवढं, डिंकाने भरलेलं. पटाशीचं टोक लावून साल उचलली तर ती पापुद्र्यासारखी सुटून आली, वीतभर रुंद, आणि खाली नुसता ओला भुसा दाबून भरलेला, आंबूस वासाचा. तो बोटांनी काढत गेलो तर खाली लाकडावर पन्हळी पडलेल्या, एक डावीकडे, एक खाली मुळात, एक परत वर. एका बुंध्यात अकरा अळ्या मिळाल्या, काही करंगळीएवढ्या आणि काही नखाएवढ्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या अंड्यांतल्या. त्या एका भोकातून घातलेला बोळा ह्यातल्या किती अळ्यांपर्यंत पोचणार? एक, फार तर दोन. आम्ही तीन वर्षं एकेका अळीला मारत होतो आणि बाकीच्या दहा झाड मारत होत्या.

तर रोठ्याला उकरूनच काढायचा. धारदार पटाशी आणि हलका हातोडा घ्या. भुसा येतोय तिथून सुरू करा आणि बोगदा जाईल तिकडे जा, भुसा भरलेली मेलेली साल तेवढीच काढा. चांगली, पांढरी-हिरवी ओली साल लागली की थांबा. घाईत गड्याने एका झाडाची साल गोल फिरवून सगळीच काढली आमच्या, म्हणजे जे काम रोठा दोन महिन्यांनी करणार होता ते आम्ही एका दुपारी केलं. मुळाकडे बोगदा उतरला असेल तर माती बाजूला करून तिथेही बघा, खालच्याच अळ्या राहून जातात. सगळ्या अळ्या वेचून मारा. मग उघड्या झालेल्या भागावर आणि बुंध्याच्या मीटरभर उंचीला क्लोरपायरीफॉस २० टक्के, १० मिली एक लिटर पाण्यात, ब्रशने चोळून लावा, उघड्या मुळांवर पण. ही जुनी शिफारस आहे, शिफारशी बदलत असतात, तेव्हा आणण्याआधी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचं चालू पत्रक बघून घ्या. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, आणि खाली पडलेल्या बोंडूंवर, म्हणजे काजूच्या फळांवर, उडू देऊ नका, पोरं उचलून खातात. पंधरा दिवस ते महिन्याने परत जा. ताजा भुसा दिसला तर परत उकरा. पहिल्या वेळेला सगळ्या अळ्या निघाल्या असं आमच्याकडे क्वचितच झालंय.

कुठलं झाड वाचवायचं आणि कुठलं सोडायचं ह्याचा हिशोब असा: बुंध्याच्या घेराच्या निम्म्याहून जास्त साल गेली असेल आणि वरची पानं पिवळी पडली असतील तर ते झाड गेलं. मला माहित्ये, पिवळ्या पानांतही मोहोर येतो, कधीकधी भरपूर येतो, आणि मन म्हणतं हा एक हंगाम काढू. माझे काका म्हणायचे "असूं दे रे, ह्या वर्षाच्या बिया तरी होतील." त्या पाच-सात किलो बियांसाठी शेजारची तीन झाडं गेली.

कारण भुसा दरवर्षी का येतो ह्याचं उत्तर त्या सोडून दिलेल्या झाडातच आहे. रोठा जिवंत झाडात शिरतो पण झाड मेलं म्हणून मरत नाही. वठलेल्या झाडात अळी निवांत वाढ पुरी करते, आतल्या लाकडात नाहीतर बुडात-मुळात चुन्यासारखं पांढरं कडक कवच करून त्यात कोष होते, आणि पुढे भुंगेरा होऊन बाहेर पडून जवळच्या जिवंत काजूवर जातो. आम्ही काय करायचो, वठलेला काजू तसाच उभा ठेवायचो, लाकूड वाळू दे म्हणून, आणि उन्हाळ्यात तोडून ओंडके मांगराच्या, म्हणजे बागेतल्या झोपडीच्या, पडवीत रचायचो, पावसाळ्यात चुलीला होतील.

हे मला कळलं ते एका रात्री. एप्रिल असावा, काजू राखणीला मांगरात झोपलो होतो. लाकडांच्या रचाईतून आवाज येत होता, कुरकुर, कुरकुर, थांबायचा, परत यायचा. आधी उंदीर वाटला. बॅटरी घेऊन ओंडक्याला कान लावला तर आवाज आतून. सकाळी तोच ओंडका कुऱ्हाडीने फोडला. मधोमध पाल घालते त्या अंड्यासारखं पण खूप मोठं, लांबट पांढरं कवच, नखाने फुटेना इतकं कडक, आतून कोरडं. दगडाने फोडलं तर आत तांबूस भुंगेरा, पूर्ण तयार, मिशा पाठीवर दुमडलेल्या, पाय हलवत होता. त्या एका रचाईत तसली नऊ कवचं निघाली. आणि मांगरापासून वीस पावलांवर ज्या काजूच्या ओळीला दरवर्षी पहिला रोठा लागतो ती ओळ. तिथे बसून राहिलो बराच वेळ. औषधाला खर्च आम्ही करत होतो आणि किडा पण आम्हीच पाळत होतो.

तेव्हापासून नियम एकच केला, वठलेला किंवा वाचणार नाही असा काजू उभा ठेवायचा नाही, आणि पडवीत तर आणायचाच नाही. वर्षातून दोनदा सगळी बाग फिरून अशी झाडं काढायची. नुसतं जमिनीलगत तोडून उपयोग नाही, बूड आणि मुख्य मुळं खणून काढायची, कारण कवचं तिथेच जास्त असतात. जागेवरच फोडायचं, अळ्या-कवचं वेचायची, लाकूड लगेच जाळायचं नाहीतर लगेच चुलीला वापरायचं, साठवायचं नाही. उकरलेली साल आणि भुसा पण झाडाखाली टाकून येऊ नका, गोळा करून जाळा, त्या वासावर माद्या परत तिथेच अंडी घालायला येतात.

आंब्याच्या वठलेल्या फांद्यांचंही असंच, भिरूड त्यातही वाढ पुरी करतो, फक्त तिथे एक झाड म्हणजे एक-दोन फांद्या, काजूत एक झाड म्हणजे अख्खी वसाहत.

बाकी राखण अशी ठेवतो. काजूच्या बुंध्याभोवतालचं गवत कायम काढलेलं, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. कातळाच्या उतारावर पावसाने मुळं उघडी पडतात, ती मातीने झाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मे असं तीनदा ५ टक्के निंबोळी तेल, साबणाच्या पाण्यात नीट फेटून, बुंध्याला मीटरभर लावतो. पूर्वी डांबर एक भाग आणि रॉकेल दोन भाग असं लावायचे, चालतं ते पण, पण रॉकेल आता मिळतं कुठे सहज. दिवाळीनंतर महिन्यातून एक फेरी फक्त बुंधे बघायला, दुसरं काही काम त्या फेरीत करायचं नाही, कारण दुसरं काम असलं की डोळे वरच्या मोहोराकडे जातात. आंब्याला जून-जुलैत दिव्याखाली येणारे भुंगेरे मारतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की नवा भुसा शोधायला जातो, तेव्हा अळी लहान आणि वरवर असते, तार लगेच पोचते. डिसेंबरात गेलात तर ती खोल गेलेली असते.

शेजारच्या बागेचा प्रश्न राहतो. आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, मालक मुंबईला असलेली एक बाग आहे, त्यात वठलेले काजू उभे होते. फोन करून सांगितलं, फोटो पाठवले, कवचाचा पण पाठवला. त्यांनी लाकूड तुम्हीच न्या म्हणून परवानगी दिली, आणि आम्ही दोन गडी लावून पाच झाडं काढली. खर्च आमचा झाला, पण त्या बाजूच्या ओळीत गेल्या दोन मोसमांत एकच नवीन रोठा मिळाला, तोही उकरून वाचवला. आधी तिथे दरवर्षी दोन झाडं जायची. वाकून बघणाऱ्याला हा फरक दिसतो.

अजून गडग्याच्या खालच्या अंगाला दोन बुंधे राहिलेत, वरून तोडलेले आणि बुडं तशीच जमिनीत. परवा काठीने ठोकून बघितलं तर पोकळ लागले. येत्या आठवड्यात पहार घेऊन तिकडेच जायचंय, उन्हाळा लागायच्या आत.